सातबाऱ्यावरचं रान

गेल्या सप्टेंबरात मी उदगीरजवळच्या आमच्या शेतात उभी राहून मोबाइलवर 'ई-पीक पाहणी' करत होते. भाऊ सोबत होता. खालच्या साडेपाच एकरांतलं सोयाबीन आणि तूर नोंदवून झाली. राहिली वरची साडेतीन एकर बरड. ॲपमध्ये तिच्यासाठी दोनच पर्याय होते, 'चालू पड' आणि 'कायम पड'. मी 'कायम पड' निवडलं आणि फोटो काढायला दोन पावलं मागं सरले, तर पायाजवळून तितरांची जोडी भर्रकन उठून गेली. फोटोत आलं ते गुडघाभर गवत, दोन बोरी आणि एक बाभूळ. वर शिक्का पडला : कायम पड.

मी पुण्यात सॉफ्टवेअर बनवते. ड्रॉपडाउनवर चिडण्यात अर्थ नसतो, हे मला माहीत आहे. त्यातले शब्द कुणीतरी आधीच ठरवलेले असतात आणि प्रोग्रामर ते फक्त टाइप करतो. 'पड', 'पडीक', 'पोटखराब' हे शब्द महसूल खात्याचे आहेत. ज्या जमिनीतून पीक आणि सारा येत नाही ती पडलेली किंवा खराब, एवढाच त्यांचा अर्थ. पण खात्याची भाषा वेगळी आणि साहित्याची वेगळी असं आपण मानतो ना? मग मी घरी येऊन पुस्तकं काढली. माझ्याकडं मुद्दाम न पेरलेल्या, पाखरांसाठी सोडलेल्या जमिनीला मराठी साहित्यात कोणता शब्द आहे, हे मला बघायचं होतं.

ही उत्सुकता निव्वळ साहित्यिक नव्हती. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर आईचं, भावाचं आणि माझं नाव लागलं. आमच्याकडं बहिणीनं अशा वेळी हक्कसोडपत्रावर सही करून माहेर शाबूत ठेवायचं असतं. भावानं सही मागितली नव्हती. त्यानं साधा हिशोब मांडला होता. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत जमीन भाड्यानं दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये मिळतात, वर दरवर्षी तीन टक्के वाढ. साडेतीन एकरांचे होतात पावणेदोन लाख. त्या बरडीतून आयुष्यात कधी एवढे पैसे आले नव्हते. मी म्हटलं, राहू दे ती तशीच. तो म्हणाला, "ताई, तशीच म्हणजे कशी?"

त्याच्या या प्रश्नाला माझ्याकडं शब्द नव्हता.

*

आमच्याकडं सकाळी कुणी विचारलं, दादा कुठं गेलाय, तर उत्तर येतं, 'रानात'. म्हणजे शेतात. 'रान तयार झालं' म्हणजे पेरणीला जमीन तयार झाली. पुण्यात आल्यावर मला कळलं की बाकीच्या मराठीत रान म्हणजे जंगल. ऑफिसातल्या मैत्रिणीला मी एकदा सांगितलं, आई रानात गेलीय, तर तिनं काळजीनं विचारलं, "एकटीच?"

एकाच शब्दात शेत आणि जंगल दोन्ही राहतात. लातूर जिल्ह्यात जंगल एक टक्काही नाही, म्हणून आमच्याकडं एकच अर्थ उरला असावा. मराठी पुस्तकांतही हे दोन अर्थ दोन वेगळ्या कपाटांत जाऊन बसलेत.

पहिल्या कपाटात मारुती चितमपल्ली. एप्रिल २०२२ मध्ये उदगीरला पंचाण्णवावं अखिल भारतीय साहित्य संमेलन भरलं होतं, भारत सासणे अध्यक्ष होते. त्या उन्हात मी पुस्तकांच्या स्टॉलवरून 'रानवाटा' आणि 'चकवाचांदण' घेतलं. चितमपल्ली सोलापूरचे, म्हणजे तसे आमच्याच कोरड्या पट्ट्यातले. वनखात्यात त्यांनी छत्तीस वर्षं काढली. २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. त्यांचं मोठेपण माझ्यासाठी नावांत आहे. बगळ्यांच्या वसाहतीला 'सारंगागार', कावळ्यांच्या वसाहतीला 'काकागार'. असे शब्द त्यांनी मराठीला दिले, लोकांच्या तोंडची नावं गोळा केली आणि पक्षिकोश केला. एखाद्या गोष्टीला नाव नसेल तर ती दिसतच नाही, हे त्यांना वाचून कळतं.

पण त्यांच्या रानाला एक अडचण आहे आणि ती मला दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आली. त्यात जमिनीचा मालक ही भानगड नाही. ती जमीन सरकारची आहे, लेखक त्या सरकारचा अधिकारी आहे, आणि मालकीचा प्रश्न पहिलं पान सुरू होण्याआधीच मिटलेला आहे. त्यामुळे निवेदक निवांत असतो. तो पाहतो, ऐकतो, आदिवासींना विचारतो, वहीत लिहितो. त्याच्या समोरच्या झाडीचं एकरी उत्पन्न किती, असं त्याला कुणी विचारत नाही. त्याचा भाऊ तर नाहीच नाही.

गंमत अशी की या प्रश्नाचं एक बीज त्यांच्याच लेखनात पडलेलं आहे. त्यांचं नवेगावबांधचं तळं आणि त्यावरचे पक्षी वाचकाला पाठ असतात. ते तळं निसर्गानं दिलेलं नाही. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी ते बांधल्याचं सांगतात, आणि बांधलं ते भातासाठी. चितमपल्लींना त्या पाण्याची माहिती देणारे माधवराव पाटीलही गावचेच. म्हणजे मराठीतल्या सर्वांत देखण्या पक्षिवर्णनांमागं शेतकऱ्यांनी स्वतःच्या गरजेपोटी केलेलं काम उभं आहे. चितमपल्ली या माणसांविषयी प्रेमानं लिहितात. पण शेतकऱ्याच्या हातून अधिवास तयार होतो, हा विचार ते पुढं नेत नाहीत. त्यांच्या वाचकाच्या मनात शेवटी उरतं ते दूरचं, भंडारा-गोंदियाचं जंगल. उदगीरच्या मुलीला वाटतं की वन्यजीव बघायचे तर आधी रेल्वेचं तिकीट काढलं पाहिजे.

व्यंकटेश माडगूळकर माझ्या जास्त जवळचे. 'बनगरवाडी'तला माळ, मेंढरं आणि शेवटी दुष्काळानं उठून जाणारं गाव आमच्या ओळखीचं आहे. पण तेच माडगूळकर जनावरांवर लिहायचं ठरवतात तेव्हा जंगलात जातात, आणि 'सत्तांतर'सारखी वानरांच्या टोळीची असामान्य कादंबरी लिहितात. माळाच्या वाट्याला माणसं आली आणि जंगलाच्या वाट्याला जनावरं. माळावर लांडगे, खोकड, चंडोल, काळवीट माणसांच्या मेंढरांमधूनच जगत असतात, हे खरं तर त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? तरी त्यांच्याही पुस्तकांची वाटणी अशीच झाली.

दुसऱ्या कपाटात शेतीचं साहित्य. ना. धों. महानोर रान हा शब्द अगदी आमच्या अर्थानं वापरतात, 'रानातल्या कविता' हे नावच बघा. त्यांच्या रानात पाखरं आहेत, पण ती पिकावरची पाखरं आहेत. ते रान पेरलेलं, ओलावलेलं आहे. सदानंद देशमुखांच्या 'बारोमास'मध्ये तेच रान कर्जाचं आणि भांडणाचं कारण होतं. एका बाजूला भरलेलं शेत, दुसऱ्या बाजूला बुडालेलं शेत. पडलेली जमीन या साहित्यात आली की ती हरल्याची खूण म्हणून येते. मालक मेला, शहरात गेला, नाहीतर सावकाराकडं गेली. जमीन आहे, कसता येते आणि तरी कुणी ती राखून ठेवलीय, असा माणूस मी वाचलेल्या मराठी कथा-कादंबऱ्यांत मला भेटला नाही.

*

पुस्तकाबाहेर असा माणूस आहे. रत्नागिरी जिल्ह्यात बहुतेक जंगल खासगी मालकीचं आहे. सरपणासाठी, कोळशासाठी ते तोडवाल्याला विकणं ही तिथल्या घरांची नेहमीची अडीअडचणीची सोय. पुण्याची 'ॲप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन' ही संस्था संगमेश्वर तालुक्यात मालकांशी आणि गावांशी करार करते. ठरलेली वर्षं झाड तोडायचं नाही, त्या बदल्यात पैसे किंवा गावाचं एखादं काम. जमीन मालकाचीच राहते. पुढं तिथल्या बेहड्याच्या फळांची विक्रीही त्यांनी उभी केली. त्याच मोठ्या झाडांच्या ढोलीत धनेश घरटं करतो. उमरेड-कऱ्हांडलाजवळ गोठणगावला 'सँक्च्युअरी नेचर फाउंडेशन'नं शेतकऱ्यांसोबत असाच प्रयोग केला. जनावरांच्या त्रासानं परवडेनाशी झालेली शेतं एकत्र करून पुन्हा रान होऊ दिली आणि उत्पन्न पर्यटनातून आणायचं ठरवलं.

या प्रयोगांचं मराठीत जे लेखन झालंय ते बातमीच्या पलीकडं फारसं जात नाही. इंग्रजीत मात्र या विषयाची एक ठरलेली गोष्ट आहे. एक जोडपं येतं, ओसाड जमीन विकत घेतं, माघार घेतं आणि जंगल परत येतं. कोडगूमध्ये पामेला आणि अनिल मल्होत्रा यांनी १९९१ पासून जमीन घेत घेत सुमारे तीनशे एकरांचं 'साई' अभयारण्य केलं. चिलीमध्ये कपड्यांच्या कंपन्यांतून पैसा कमावलेल्या डग्लस टॉम्पकिन्सनं प्रचंड जंगल विकत घेतलं आणि ते शेवटी राष्ट्रीय उद्यानांत गेलं. ही कामं खरी आणि मोठी आहेत. पण गोष्ट म्हणून ती मला खटकतात, कारण तिथं जमीन कोरी सुरू होते. विकत घेण्याच्या आधी तिथं कोण काय करत होतं, हा मजकूर एका वाक्यात उरकलेला असतो.

शिवाय ती गोष्ट आमच्याकडं बसतही नाही. महाराष्ट्रात कमाल जमीन धारणेचा कायदा आहे. कोरडवाहूची मर्यादा चौपन्न एकर. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही. २०१५-१६ च्या कृषिगणनेत राज्यातली सरासरी धारणा १.३४ हेक्टर होती. म्हणजे इथं जे काही राखलं जाईल ते तुकड्यातुकड्यानं, भावकीत विचारून, बांधाला बांध लागलेल्या शेजाऱ्याची बोलणी ऐकत. तीनशे एकरांच्या नायकाची कथा या भूगोलात शक्यच नाही. आणि मला वाटतं ते बरंच आहे. साहित्याच्या दृष्टीनं बांधावरचं भांडण जास्त सकस असतं.

मालकाला न विचारता राखायला गेलं की काय होतं, त्याचं उदाहरणही आमच्या शेजारीच आहे. १९७९ मध्ये सोलापूर-अहमदनगरच्या पट्ट्यात माळढोक अभयारण्य जाहीर झालं, ८,४९६ चौरस किलोमीटरचं. त्यात गावंच्या गावं, लोकांची शेतं, सगळं आलं. जमिनीच्या व्यवहारांवर निर्बंध आले आणि पक्षी लोकांच्या रागाचा धनी झाला. अनेक वर्षांच्या वादानंतर क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. नान्नजला आता एखादा माळढोक दिसला तरी बातमी होते. तो राग हे काही माळढोक जाण्याचं एकमेव कारण नाही. ऊस, विजेच्या तारा, माळांचं नांगरलं जाणं, अशी पुष्कळ कारणं आहेत. पण कागदावर राखलेलं रान माणसांच्या मनात राखलं जात नाही, एवढं त्यातून दिसतं.

२००२ मध्ये वन्यजीव कायद्यात दुरुस्ती झाली आणि गावाला किंवा एकट्या माणसालासुद्धा स्वेच्छेनं आपली जमीन 'सामुदायिक राखीव' म्हणून देता येईल अशी तरतूद आली. ती वाचून मी क्षणभर खूश झाले. मग पुढचं कलम वाचलं. एकदा दिली की जमिनीचा वापर बदलायला समितीचा ठराव आणि सरकारची मंजुरी लागते. भावाला हे वाचून दाखवलं तर तो नुसता हसला. त्याला दोष कसा देणार? ज्या कचेरीत फेरफाराच्या नोंदीसाठी सात-सात चकरा माराव्या लागल्या, तिला आपण होऊन आणखी एक परवानगी मागायची?

*

इथवर माझी टीका दोन्ही कपाटांवर होती. पण तिसरं एक पुस्तक मला सोडेना. २०२२ च्या त्याच दिवसांत उदगीरला विद्रोही साहित्य संमेलनही भरलं होतं, आणि तिथून मी एकनाथ आवाडांचं 'जग बदल घालुनी घाव' हे आत्मकथन आणलं होतं. मराठवाड्यातल्या भूमिहीन दलितांनी गायरान जमिनी कसाव्यात म्हणून आवाडांनी आयुष्यभर लढा दिला. तिथं नांगर चालवणं म्हणजेच हक्क सांगणं. पीक उभं असलं तर पुरावा आणि जमीन पड दिसली तर दावा गेला. गावातली बडी माणसं उभी पिकं मोडायची ती यासाठीच.

हे वाचल्यावर माझ्या साडेतीन एकरांकडं बघण्याची माझी नजर अवघडली. जमीन पड ठेवायची ऐपत कुणाची असते? ज्याचं पोट दुसरीकडून भरतं त्याची. माझं पोट हिंजवडीतून भरतं. ज्याला एक गुंठा मिळवायला मार खावा लागला त्याच्यासमोर मी 'अधिवास' हा शब्द कोणत्या तोंडानं काढणार? चितमपल्लींच्या रानात हा प्रश्न येत नाही, साईच्या गोष्टीत येत नाही, आणि आवाडांच्या पुस्तकात चंडोल येत नाही. तिथं तो यावा अशी अपेक्षाही करणं उर्मटपणाचं होईल. पण मला दोघंही एकाच पानावर हवे होते, कारण आमच्या बरडीत ते दोघंही रोज असतात.

गावातले एक मामा वीसेक शेळ्या घेऊन आमच्या पडीत येतात. त्यांना स्वतःची जमीन नाही. वडील असल्यापासून येतात. मी पुण्यात बसून योजना केली होती, पावसाळाभर चराई बंद. जमिनीवर अंडी घालणाऱ्या पाखरांची वीण होऊ द्यायची, गवताला बी धरू द्यायचं आणि दिवाळीनंतर मोकळं करायचं. एक्सेलमध्ये छान दिसत होतं. मामांना सांगितलं तर ते म्हणाले, "बाई, चार महिने मी शेळ्या नेऊ कुठं? गायरान तर वाटून-नांगरून संपलं."

मी गप्प बसले. मग तेच म्हणाले, "गवत राखायचंय ना? मग सगळं कशाला राखायलीस?"

*राखायचं.* मी ज्या शब्दासाठी पुस्तकं धुंडाळत होते तो हा होता. संवर्धन नाही, संरक्षण नाही, अधिवास नाही. आमच्याकडं कुरण राखतात, गवत राखतात, ज्वारीची राखण करतात. राखण्यात जमीन वापरायची नाही असं नसतं. कधी वापरायची आणि कधी थांबायचं हे असतं. कोण येऊ शकतो हेही त्यात असतं. 'राखीव' हा सरकारी शब्द त्यातूनच आला, पण येताना माणूस बाहेर काढून आला. हा शब्द आपल्या निसर्गलेखनानं वापरून वापरून झिजवायला हवा होता. त्याऐवजी आपण 'निसर्ग' हा मोठा, लांबचा शब्द घेतला आणि त्याच्या जोडीला वृक्षारोपण. २०१९ मध्ये राज्यानं तेहेतीस कोटी झाडांचा संकल्प केला. त्या उत्साहात माळ म्हणजे झाडं लावायची रिकामी जागा असं पुन्हा एकदा ठरलं. गवताळ माळाला झाडांची गरज नसते, त्याला थोडं थांबण्याची गरज असते, हे मामांना माहीत आहे. त्यांच्याकडं फक्त ते छापायची सोय नाही.

कुठला अर्धा राखायचा हे मामांनी ठरवलं. ओढ्याकडची बाजू, कारण तितर तिथं बसतात आणि लवणाला गवत दाट येतं. उरलेल्या अर्ध्यात शेळ्या. दिवाळीनंतर ओढ्याकडचं गवत कापून न्यायचं तेही त्यांनीच.

भावाशी मी संगमेश्वरसारखाच करार केला, फक्त साध्या कागदावर. पावणेदोन लाखांतला त्याचा तिसरा हिस्सा, साधारण एकोणसाठ हजार, मी त्याला दरवर्षी द्यायचे, पाच वर्षं. आईनं तिचा हिस्सा मागितला नाही. मुलगी म्हणून माझं नाव सातबाऱ्यावर राहिलं म्हणूनच हे बोलणं शक्य झालं. सही करून मोकळी झाले असते तर मी आज फक्त मत असलेली पाहुणी असते. आणि हो, टॉम्पकिन्सवर टीका करणारी मीसुद्धा शेवटी बाहेरच्या धंद्याच्या पैशानंच रान राखतेय, हे मला दिसतं. उद्या नोकरी गेली तर पाखरांचंही जाईल. त्यामुळे मी हे मॉडेल म्हणून कुणाला सांगत नाहीये.

या दिवाळीच्या आधी शेजाऱ्यानं निरोप पाठवला होता, तुमच्या पडीत डुकरं बसतात आणि रात्री माझ्या सोयाबीनमध्ये येतात. भावानं फोन केला. "ताई, डुकरं तुझ्या गवतात बसूलालेत, बोलणी मी खाऊलालोय." त्याचं खरं होतं. आम्ही ओढ्याकाठचा, शेजाऱ्याच्या बांधालगतचा एक पट्टा कापून मोकळा केला. डुकरं थांबली की नाही ते अजून नीट कळलेलं नाही.

मला असं मराठी पुस्तक वाचायचं आहे ज्यात हे सगळं असेल. डुकरं, शेजारी, हक्कसोड, एकोणसाठ हजार, मामांच्या शेळ्या, आणि तितरांची जोडी. त्यात निवेदक निवांत नसेल. तो सातबाऱ्यावरचा खातेदार असेल, किंवा सातबाऱ्यावर नाव नसलेला मामा असेल. चितमपल्लींनी आपल्याला नावं दिली, महानोरांनी रान हा शब्द शेतात आणला, आवाडांनी ते कुणाचं हे विचारलं. एवढं सामान मराठीत आहे. ते तिघं एका बांधावर बसलेले अजून कुणी लिहिलेलं नाही.

रब्बीची पीक पाहणी आली तेव्हा मी पुण्यात होते, भावानंच भरली. त्यानं स्क्रीनशॉट पाठवला. साडेतीन एकरांपुढं 'कायम पड' होतं, दुसरा पर्यायच नाही. खाली त्यानं व्हॉट्सॲपवर लिहिलं होतं, "ओढ्याकडचं राखलंय."